खांदा

रापणकराचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराचा, पूर्णाकृती पुतळा, ६ तुकडे, मुंडकं नाही, सगळं तारेवर टांगायचं. एका तरुण शिल्पकाराचं हे काम कुडाळच्या आमच्या शेडमध्ये साच्यासाठी आलं, तेही ऐन जुलैत. कोकणात जुलैमध्ये फायबरग्लासचं काम मागणाऱ्याला एकदा साचा वाळवायला बसवलं पाहिजे.

कापायचं कुठे, यावर दोन दिवस गेले. सांध्यावर कापलं की कापडदुकानातला पुतळा होतो, हात काढून ठेवल्यासारखा. म्हणून दंड अर्ध्यात, मांडी गुडघ्याच्या वर चार बोटं, धड बरगड्यांखाली तिरकं. स्नायू मध्येच तुटला की उरलेला बघणाऱ्याची नजर भरते. फट तीन बोटांची. वीतभर ठेवून पाहिली, तर माणूस सुटला आणि नुसतं सामान उरलं. फ्रेंच शिल्पकार रोदँच्या 'चालणाऱ्या माणसा'ला डोकं नाही, हात नाहीत, धड आणि पाय वेगवेगळ्या कच्च्या कामांतून जोडलेले. तरी चाल एकाचीच वाटते.

गोची छाती-खांद्याच्या तुकड्यात झाली. पीओपीचा साचा वरून कोरडा, आत ओल. लाखेचे ३ हात दिले, वॅक्स लावलं, फायबरच्या रेझिनमध्ये (पातळ राळेत) किलोला १५ मिली हार्डनर घातला, तरी साच्याकडचं रेझिन चिकटच. (रेझिन लवकर घट्ट करणारा कोबाल्ट आधी रेझिनमध्ये घोटायचा, मग हार्डनर. दोन्ही थेट भिडले तर भडका. नव्या पोरांना हे दर वर्षी ओरडून सांगावं लागतं.) साचा फोडला तर वरचा थर सालीसारखा त्यालाच लागून आला. पुट्टी भरून घासत बसलो. घासता घासता उजवा खांदा डाव्याच्या पातळीला आणला. मातीत तो दोन बोटं उतरलेला होता. मला वाटलं, ओली माती बसली असेल.

ज्याला समोर उभं करून मातीकाम झालं, त्याची बायको टांगणीच्या दिवशी आली. मातीकाम बघून, चेहरा नसतानाही, ती हसली होती. आता भोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "ह्यो कोण? ह्येंचो खांदो असो नाय."

पायाची नखंसुद्धा जशीच्या तशी होती. प्रदर्शनाच्या कागदावर 'ओळखीचं विघटन' छापून तयार होतं. ते विघटन आमच्या ओल्या साच्याने आणि माझ्या पॉलिशपेपरने करून ठेवलं होतं.

फोटो समोर ठेवून ग्राइंडरने खांदा कापला, खाली घेऊन काचतंतूंच्या मॅटचे दोन थर मारले. जोड झाकायला पुट्टी कालवली, तर शिल्पकार म्हणाला, राहू दे. त्याच्या आराखड्यात नसलेली ती चीर तशीच टांगलेली आहे.