तिसऱ्या सर्व्हरचं सर्टिफिकेट

"मॅडम, कधी लॉगिन होतं, कधी होत नाही." सोमवारी सकाळी लायब्ररीतून फोन आला, पाठोपाठ आणखी चार. पासवर्ड तोच, मशीन तेच, पण साधारण तीन वेळांत एकदा नकार. या 'तीनांत एकदा'मध्येच उत्तर होतं. ते मला दोन तासांनी दिसलं, तोवर मी नेटवर्क तपासत बसले होते.

आमच्याकडे ओपनएलडीएपीचे, म्हणजे युजर आणि पासवर्ड सांभाळणाऱ्या डिरेक्टरीचे, तीन सर्व्हर आहेत आणि पुढे एचएप्रॉक्सी हा लोड बॅलन्सर, राउंड रॉबिनवर, म्हणजे कनेक्शन पाळीपाळीने एकेका सर्व्हरला देणारा. 636 पोर्टवर (एलडीएपीएस, म्हणजे टीएलएसने एन्क्रिप्ट केलेलं एलडीएपी) आलेलं तो उलगडत नाही, टीसीपी मोडमध्ये जसंच्या तसं मागे पाठवतो. टीएलएसची बोलणी क्लायंट आणि मागचा सर्व्हर यांच्यातच होतात. क्लायंटने हाक मारलेली असते बॅलन्सरच्या नावाला. म्हणून मागून जो ओ देईल, त्याच्या सर्टिफिकेटात, म्हणजे ओळखपत्रात, ते नाव असायलाच हवं. शनिवारी तिसऱ्याचं सर्टिफिकेट बदललं गेलं, तेव्हा सॅनमध्ये (सर्टिफिकेट कोणकोणत्या नावांना चालेल ती त्यातली यादी) फक्त त्याचं स्वतःचं नाव गेलं होतं.

एचएप्रॉक्सीवर तिसरा हिरवाच दिसत होता, कारण आमचा हेल्थ चेक फक्त पोर्ट उघडं आहे का एवढंच बघायचा. जुन्या स्क्रिप्ट्सही बिनतक्रार चालू होत्या. त्यांच्यात टीएलएस_रेकसर्ट (TLS_REQCERT) 'नेव्हर' होतं, म्हणजे सर्टिफिकेट तपासूच नका. अडली ती जावाची ॲप्लिकेशन्स. जुलै 2018 च्या 8यू181 पासून जावा एलडीएपीएसवर नाव जुळतंय का ते आपणहून तपासतं.

"आत्तापुरती तपासणी बंद करू या का?" सहकाऱ्याने विचारलं. मी ठाम नाही म्हटलं. सिंपल बाइंडमध्ये, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन होणाऱ्या साध्या लॉगिनमध्ये, पासवर्ड जसाच्या तसा जातो, त्याच्यावर आवरण एकट्या टीएलएसचं. समोर कोण आहे हे न बघता तो द्यायचा म्हणजे वाटेत उभ्या असलेल्या कुणाच्याही हाती द्यायचा. हजारो विद्यार्थ्यांचे पासवर्ड आहेत ते.

नवीन सीएसआर (सर्टिफिकेटसाठीचा अर्ज) केली, सॅनमध्ये दोन्ही नावं घालून. स्वतःचं नावही लागतंच, कारण सिंकरेपलमध्ये (आपापसात डेटा एकसारखा ठेवताना) सर्व्हर एकमेकांना त्याच नावाने गाठतात. वाइल्डकार्ड, म्हणजे सगळ्या नावांना चालणारं एकच सर्टिफिकेट, मला नको होतं; त्याची एकच की (गुप्त किल्ली) तीन मशीनवर कॉपी करायची आणि ती एकीकडे फुटली की तिन्ही गेली. एचएप्रॉक्सीत तिसऱ्याला ड्रेनवर टाकलं (त्याला नवीन कनेक्शन देणं थांबवलं), फाइल्स ठेवल्या, स्लॅपडी (ओपनएलडीएपीचा सर्व्हर प्रोग्रॅम) रीस्टार्ट केला. उठेना. की फाइल रूटच्या मालकीची, परवानगी 600, म्हणजे फक्त मालकालाच उघडता येईल अशी. डेबियनवर स्लॅपडी चालतो ओपनएलडीएपी नावाच्या युजरने, त्याला ती वाचताच येत नव्हती. मालकी बदलल्यावर उठला.

पण बॅलन्सरमधून तपासलं तर कोणता सर्व्हर बोलला ते कळत नाही. म्हणून ओपनएसएसएलच्या एस_क्लायंटने (टीएलएस तपासायची कमांड) तिन्ही मशीन थेट गाठली आणि व्हेरिफाय_होस्टनेमला (सर्टिफिकेटात कोणतं नाव हवं ते सांगणारा पर्याय) प्रत्येक वेळी बॅलन्सरचं नाव दिलं. तिन्हीकडून 'ओके' आल्यावरच तिसऱ्याला परत पूलमध्ये घेतलं.

मग लायब्ररीत फोन करून सहा वेळा लॉगिन करून बघायला सांगितलं. सहाही वेळा झालं.