सब्बाथचा तो जड आवाज

आज दिवसभर ब्लॅक सब्बाथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचे पहिले तीन अल्बम ओळीने लावले होते. पहिला १३ फेब्रुवारी १९७० चा, शुक्रवार! अख्खा अल्बम एका दिवसात रेकॉर्ड झालेला, गिटारचं ट्यूनिंग (तारा कोणत्या सुरांना लावायच्या ते) नेहमीचंच. तिसरा, १९७१ चा 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' सुरू झाला की जमीनच खाली सरकते. त्यातली बरीच गाणी तीन सेमीटोन (अर्धे सूर) खाली, जाड तार ई ऐवजी सी शार्पला लावून.

कारण साधं. बँडचा गिटारवादक टोनी आयोमी डावखुरा. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तारा दाबायचा हात तोच. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. पातळ तारा, सैल ट्यूनिंग. तीन सेमीटोन उतरवले की तारेवरचा ताण जवळजवळ ३० टक्के घटतो.

घरी करून बघणाऱ्यांनो, ०.००९ चा (सर्वात पातळ तार ०.००९ इंच जाडीची) सेट तसाच उतरवू नका. तार फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) खरखरते आणि बोट जरा जोरात पडलं की सूर वर चढतो. (आयोमीला जमतं, आपल्याला नाही.) ०.०११ ते ०.०५४ चा सेट घ्या. जाड तार नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत अडकून 'टिंग' करत असेल तर खाच हलक्या हाताने रुंदवा, खोल नको. मग बाराव्या फ्रेटवर सूर तपासा. चढा लागला तर सॅडल (तारेचा दुसऱ्या टोकाचा टेकू) मागे, मानेपासून दूर घ्या.

गायक ओझी १९७९ मध्ये बँडबाहेर गेला, त्याच्या जागी डिओ आला, आवाज पालटला. ते उद्या ऐकू.