नदीवरच्या मोटरीचा राखणदार: बक कन्व्हर्टरचा निळा प्रीसेट काढून टाकला

९ मे
मंडळी, नदीवरचं काम परत हातात घेतलंय. मामांची पाच एचपीची मोटर कोल्हापूरजवळ चिखलीच्या बाजूला पंचगंगेच्या काठावर आहे. पाणी चढायला लागलं की ती वेळेत वर ओढावी लागते. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, पण मोटर त्याच्या कितीतरी आधी बुडते. म्हणून तिच्या शेजारच्या खांबावर तीन उंचीला तीन फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगले की चालू होणारे स्विच, लावायचे, आणि पाणी लागलं की मामांच्या फोनवर मेसेज. अर्दुइनो नॅनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), सिम८००एल (सिम घालून मेसेज पाठवणारा मॉड्यूल), १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी, वर छोटं सोलर पॅनेल. सिम८००एल फक्त टूजीवर चालतो, त्यामुळे जिओचं सिम यात उपयोगाचं नाही.

सिम८००एलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात. लिनियर रेग्युलेटर लावला तर १२ मधले ८ व्होल्ट नुसते तापण्यात जातात, म्हणजे बॅटरीतली दोन तृतीयांश ताकद वाया. म्हणून एलएम२५९६ आयसीचा बक मॉड्यूल, म्हणजे फारशी ताकद वाया न घालवता व्होल्ट कमी करणारा. त्याचं आउटपुट निळ्या प्रीसेटने, म्हणजे स्क्रू फिरवून बदलायच्या रेझिस्टरने, लावायचं. ४ व्होल्टला लावून त्याच्यावर नॅनोही चालवणार, थेट ५ व्होल्टच्या पिनवर. १६ मेगाहर्ट्झच्या वेगाला नॅनोला ३.८ च्या आसपास पुरतात. शिवाय सिम८००एलचा सिग्नल २.८ व्होल्टचा असतो. तो ५ व्होल्टवरच्या नॅनोला कधी कळतो, कधी नाही. ४ व्होल्टवर नीट कळतो.

१४ मे
आपल्या ग्रुपमधल्या एका नवीन मुलाचा फोन: "दादा, मॉड्यूल खराब आलाय. प्रीसेट फिरवून फिरवून दमलो, आउटपुट ११ वरून हलतच नाही." मॉड्यूल चांगला होता. हे सगळ्यांचंच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आउटपुट ठरतं ते असं: १.२३ गुणिले (१ अधिक प्रीसेट भागिले खालचा रेझिस्टर). १.२३ म्हणजे आयसीचं ठरलेलं फीडबॅक व्होल्टेज, आणि खालचा रेझिस्टर म्हणजे फीडबॅक आणि ग्राउंडमधला. माझ्या बोर्डावर खालचा रेझिस्टर ३३० ओहम आणि निळा प्रीसेट १०३, म्हणजे १० के, २५ फेऱ्यांचा. एक फेरी म्हणजे ४०० ओहम, म्हणजे आउटपुटमध्ये जवळजवळ दीड व्होल्ट. इनपुट १२ असेल तर आउटपुट ११ च्या आसपास जाऊन अडकतं, आणि तेवढ्यासाठी प्रीसेटच्या पहिल्या सहा-सात फेऱ्याच पुरतात. उरलेल्या अठरा फेऱ्यांत काहीही बदलत नाही. मॉड्यूल नवीन आला की प्रीसेट कुठेतरी मधे असतो, म्हणून सुरुवातीला दहा-बारा वेळा उलटं फिरवलं तरी मीटर ढिम्म. धीर धरून फिरवत राहायचं. आणि हे सगळं लोड, म्हणजे नॅनो आणि सिम८००एल, न जोडता.

२१ मे
वाईट दिवस. खांबावर डबी बसवून आलो, दुसऱ्या दिवशी मेसेज बंद. डबी उघडली, नॅनो आणि सिम८००एल दोन्ही गेलेले. आउटपुटला मीटर लावला तर ११.३ व्होल्ट.

घरी टेबलावर परत तपासलं. आता बरोबर ४.०१. टेस्टरच्या टोकाने प्रीसेटचा पितळी स्क्रू हलकेच बाजूला ढकलला, फिरवला नाही, तर मीटरवर ४.०१, मग ६.८, मग ११.३. टेस्टर काढला, परत ४.०१. आतला सरकता संपर्क सुटत होता. तो सुटला की पूर्ण १० के सर्किटमध्ये येतात आणि आउटपुट थेट वर जातं. ४ व्होल्टसाठी हवेत ७४३ ओहम, म्हणजे २५ पैकी दुसरी फेरीसुद्धा पूर्ण नाही. एवढ्याशा जागेवर दोन वस्तूंचा जीव टांगलेला, आणि शेजारी मोटर सुरू झाली की खांब थरथरतो.

मामा म्हणाले, "चूक मशिनीची न्हाई रं, स्क्रू हलतोय म्हटल्यावर तिथं खिळा ठोकायचा." अगदी बरोबर बोलले.

२८ मे
प्रीसेट काढला. बोर्डवर त्याची तीन भोकं राहतात. मल्टीमीटरने दोन जागा शोधायच्या: एक आउटपुट प्लसला जोडलेली, दुसरी आयसीच्या चौथ्या पायाला, म्हणजे फीडबॅकला. त्या दोघांमध्ये पक्का रेझिस्टर. शाहूपुरीतल्या दुकानांत ७५० ओहमचा मिळाला नाही, म्हणून एक टक्क्याचे ६८० आणि ६८ सिरीजमध्ये घातले. ७४८ ओहम, हिशोबाने ४.०२ व्होल्ट. मीटरवर ४.०३. ५ व्होल्ट हवे असतील तर १ के घाला, ४.९६ मिळतात. मात्र खालचा ३३० आहे का ते प्रीसेट काढल्यावर आधी मोजा. वेगळ्या बोर्डवर वेगळा असू शकतो.

या मॉड्यूलला उलट्या पोलॅरिटीपासून संरक्षण नाही. इनपुटला सिरीजमध्ये १एन५८२२ डायोड आणि बॅटरीच्या प्लसवर १ अँपचा फ्यूज घातला.

४ जून
सिम८००एल मेसेज पाठवताना अधूनमधून रीसेट होत होता. तो क्षणभर २ अँपपर्यंत खेचतो, दर ४.६ मिलिसेकंदाला अर्ध्या मिलिसेकंदापेक्षा थोडा जास्त वेळ. जंपर वायरचा आणि तिच्या ढिल्या पिनांचा मिळून ०.३ ओहम धरला तरी ०.६ व्होल्ट तिथेच गेले, ४.०३ चे ३.४ झाले. जाड वायर थेट सोल्डर केली, सिम८००एलच्या पायाशीच १००० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर, म्हणजे आतला रोध कमी असलेला, कपॅसिटर लावला. सलग वीस मेसेज, एकही रीसेट नाही.

१५ जून
रात्री २ वाजून १० मिनिटांनी खालच्या फ्लोटचा मेसेज मामांना आला. मला त्यांचा फोन: "आलंय बघ पाणी. पोरांना उठवतोय." सकाळी सहाच्या आत मोटर वर. आउटपुट ४.०३.

आता काम उरलंय ते बॅटरीचं. एलएम२५९६ स्वतःच ५ मिलिअँपच्या आसपास खातो, शिवाय बोर्डवरचा एलईडी. पावसाळ्यात आठवडा-आठवडा ऊन नसतं. आधी एलईडी काढतो, मग एलएम२५९६ च्या जागी एमपी१५८४ चा बक मॉड्यूल घालून बघतो. तो स्वतः खूपच कमी खातो, पण त्यावरही प्रीसेटच आहे, तेव्हा बसवायच्या आधी तो काढणार. त्याचा फीडबॅक ०.८ व्होल्टचा, हिशोब नव्याने करावा लागेल.