आज राजवाडा बंद आहे

खोटं बोलण्यात गाडीवाल्यांची आपापली घराणी असतात. आमच्या खान्देशात काळी-पिवळीचं घराणं. इंजिन घुरघुरत ठेवायचं, ‘निघालीच, बसा भाऊ’ म्हणायचं आणि शेवटचं शीट भरेपर्यंत जागचं हलायचं नाही. याचा राग कोणाला येत नाही. बसणाऱ्यालाही ठाऊक असतं, की ‘निघालीच’ म्हणजे अजून एक चहा सहज होतो.

बँकॉकचं घराणं वेगळं. तिथे अतिशय अदबीने सांगतात, आज राजवाडा बंद आहे.

थायलंडचा राजा पहिला राम याने १७८२ साली बांधायला घेतलेला तो राजवाडा रोज सकाळी ८:३० ते दुपारी ३:३० उघडा असतो. पण इस्त्रीचा शर्ट घातलेला गृहस्थ हात जोडून म्हणतो, ‘आत प्रार्थना चालू आहे, दोन तासांनी या. तोवर हा माझा माणूस तुम्हाला देवळं दाखवील, फक्त २० बाट.’ अमळनेरचे काका तेव्हाच म्हणाले होते, “बंद कसाना? मानसं त मजार जाई राह्यनात ना!” (बंद कसला, माणसं तर आत जाताहेत.) पण त्या टुकटुकवाल्याचं, म्हणजे तिथल्या रिक्षावाल्याचं, हसू इतकं गोड, की मावशी आधीच चढून पदर सावरत बसली होती.

२० बाटमध्ये त्याचं पेट्रोलही सुटत नाही. ते सुटतं दुकानात. गिऱ्हाईक नुसतं आणून सोडलं तरी पेट्रोलचं कूपन, आणि त्याने काही घेतलं तर वर कमिशन. म्हणून एक देऊळ घाईघाईत उरकलं आणि रिक्षा थेट रत्नांच्या दुकानापुढे उभी राहिली. सरकारी सेल, आजचाच शेवटचा दिवस. (हा शेवटचा दिवस तिथे रोज असतो.)

आता यात त्या बिचाऱ्याचं एकच चुकलं. त्याने जळगावची बाई सराफाच्या दुकानात नेली.

सराफ बाजारात लहानाची मोठी झालेली मावशी. गादीवर बसताच तिने आधी पाणी मागितलं. मग एकेक अंगठी चष्मा कपाळावर चढवून, डोळ्याजवळ धरून पाहिली. मजुरी वेगळी की धरून? मोडायला आणली तर घट किती? बिल पक्कं ना? सगळं हिंदीतून, आणि काका तोडक्यामोडक्या इंग्रजीतून पोचवताहेत. शेवटी एक नीलम तिला पसंत पडला. विक्रेत्याने पावतीपुस्तक उघडलं. मावशी म्हणाली, “नीलम असा लगेच घेत नाहीत. तीन रात्री उशाखाली ठेवून बघायचा. स्वप्नं वाईट पडली तर परत. याला सांगा, आत्ता नुसता देऊन ठेव.”

काकांनी हे कसं सांगितलं ते मला नीट ऐकू आलं नाही. विक्रेत्याने मात्र ट्रे आत नेला तो नेलाच.

त्यानंतर शिंप्याचं दुकान झालं. तिथे काकांनी सगळ्या सुटांचं कापड चिमटीत चोळून पाहिलं आणि ‘उन्हाळ्यात जमणार नाही’ म्हणून उठले. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, त्यांचंही बरोबरच. टुकटुकवाल्याचं हसू आता बरंच आटलं होतं. कूपनं मिळाली असतील, कमिशन काही जमलं नाही. त्याने आम्हाला राजवाड्याशी आणून सोडलं तेव्हा ३:३० वाजून गेले होते आणि फाटकावरचे शिपाई लोकांना परत पाठवत होते. राजवाडा आता खरोखरच बंद होता.

मावशीने त्याला २० बाट मोजून दिले, वर पर्समधली राजगिऱ्याची वडी. मग आम्ही चालत जवळच्या वाट फो नावाच्या देवळात गेलो, ते संध्याकाळपर्यंत उघडं असतं. आत ४६ मीटर लांबीचा, सोन्याच्या वर्खाने मढवलेला पहुडलेला बुद्ध. मावशीने पायांपासून डोक्यापर्यंत सावकाश नजर फिरवली, हात जोडले आणि काकांना हळूच विचारलं, “भरीव नसेल ना?”