लेस्टरच्या डब्यातल्या पेन्या: ५८ बघून झाल्या

मावशीने लेस्टरहून आणलेला डबा अर्ध्यावर आला. एक किलो जुन्या पेन्या (ब्रिटनची जुनी नाणी) म्हणजे साधारण १०६ नाणी, एकेक ९.४५ ग्रॅमचं. बॅगेचं वजन याच्यामुळे वाढलं हे मला दर फोनवर ऐकवलं जातं.

आधी फजिती सांगतो. १९१३च्या एका पेनीवर, ब्रिटानियाच्या (मागच्या बाजूची हाती त्रिशूळ घेतलेली स्त्री, ब्रिटनचं प्रतीक) बाजूला, तिच्याभोवती राजाच्या डोक्याची पुसट कड दिसली. मध्ये नाणं नसताना दोन्ही ठसे एकमेकांवर आदळले की अशी खूण उमटते, एवढं मला माहीत होतं. रात्री साडेअकराला बायकोला उठवून दाखवली. मग दुसऱ्यावर तेच दिसलं, तिसऱ्यावरही. सातव्यानंतर मी गप्प झालो. दर दुसऱ्या नाण्यावर दिसतो तो दोष कसला? पाचव्या जॉर्जचं डोकं मोठं आणि ठशात खोल कोरलेलं. दाब पडला की धातू त्या खोलगटात ओढला जायचा आणि मागच्या बाजूला कमी पडायचा, म्हणून ती सावली. १९२८ला टांकसाळीने डोकं लहान केलं ते याच त्रासापायी. घरात आता रोज विचारणा होते, ‘आज भूत सापडलं का?’

खरी कमाई १९०२ची. सातव्या एडवर्डच्या नाण्यांच्या या पहिल्याच वर्षी दोन तऱ्हा निघाल्या. काही नाण्यांवर व्हिक्टोरियाच्या शेवटच्या वर्षांतलाच मागचा ठसा वापरला गेला, त्यात ब्रिटानियामागच्या समुद्राची रेघ खाली आहे. बाकीच्यांवर ती वर. इंग्रज संग्राहक पहिलीला ओहोटीची आणि दुसरीला भरतीची म्हणतात. ओहोटीची कमी मिळते. नुसतं बघून मला काही कळेना. शेवटी १९०१ची पेनी एका बाजूला, १९०३ची दुसऱ्या बाजूला ठेवली आणि मध्ये संशयित. पाणी १९०१शी जुळलं! नाणं झिजलेलं आहे, पण रेघ स्पष्ट आहे. नवशिक्यांनो, ही तीन नाण्यांची रांग लावाच, भिंगापेक्षा जास्त उपयोगी पडते.

१८९५ची एकच निघाली. त्रिशूळ आणि ‘पेनी’ शब्दातला पी यांच्यात २ मिलिमीटर अंतर असेल तर दुर्मीळ. माझ्यात १ आहे. असो.

१९१२च्या चारपैकी एकावर सालाच्या डावीकडे एच आहे, म्हणजे बर्मिंगहॅमच्या हीटन कारखान्यातली. ती बरीच मिळते, तरी आनंद झाला. आता १९१८ची एक अडली आहे. सालाच्या डावीकडे काहीतरी उंचवटा आहे, पण वर काळा थर बसलाय. एच असू शकेल, किंग्ज नॉर्टन या दुसऱ्या कारखान्याचं केएन असू शकेल. घासायचा मोह आवरून ती ऑलिव्ह तेलात टाकली आहे. दर दोन दिवसांनी टूथपिकने हळूच चाचपतो. काल थोडा कोपरा मोकळा झाला, त्यात एक उभी रेघ दिसते. एचमध्येही उभी रेघ असते आणि केमध्येही.