तुम्ही विचारलंत म्हणून : वरचे अधिकारी सोडून चाललेल्या कंपनीत जावे का?

पुण्यात आयटी कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांत बरीच वर्षे काढल्यामुळे ओळखीतल्या मुलामुलींकडून, आणि अलीकडे त्यांच्या आईवडिलांकडूनही, एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. ऑफर नावाजलेल्या कंपनीची असते, पगार चांगला असतो, कामाच्या बाबतीत कंपनी कडक म्हणून ख्याती असते, आणि नेमकी त्याच आठवड्यात बातमी येते की तिथला आणखी एक बडा अधिकारी राजीनामा देऊन बाहेर पडला. मग विचारणा होते : आत काहीतरी बिनसलेले दिसते, जाऊ की नको? माझे उत्तर असे की राजीनामे मोजून काही कळत नाही. कोण गेले, कुठे गेले, त्यांची जागा कोणी घेतली आणि त्यांच्या खालच्या दोन पायऱ्यांवरची माणसे टिकली का, एवढे पाहावे.

उदाहरण म्हणून मी नेहमी इन्फोसिस घेते. एक तर ती १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली कंपनी आहे, आणि दुसरे म्हणजे तिथली बहुतेक उलथापालथ सर्वांच्या डोळ्यांसमोर झाली. जून २०१३ मध्ये संस्थापकांपैकी नारायण मूर्ती कार्यकारी अध्यक्ष म्हणून परतले आणि त्यानंतरच्या वर्षभरात अशोक वेमुरी, व्ही. बालकृष्णन, बी. जी. श्रीनिवास अशी, पुढचे मुख्याधिकारी, म्हणजे सीईओ, म्हणून ज्यांच्याकडे पाहिले जात होते ती माणसे एकापाठोपाठ बाहेर पडली. श्रीनिवास यांना तर बढती मिळून काही महिनेच झाले होते. मग विशाल सिक्का आले, संस्थापकांपैकी नसलेले पहिले मुख्याधिकारी. संस्थापक आणि संचालक मंडळ यांच्यातला वाद उघड्यावर आला आणि १८ ऑगस्ट २०१७ रोजी सिक्का यांनी राजीनामा दिला, तेव्हा त्या एका दिवसात शेअर नऊ टक्क्यांहून अधिक घसरला. त्यानंतर संस्थापकांपैकीच नंदन निलेकणी अध्यक्ष म्हणून परतले आणि जानेवारी २०१८ मध्ये सलील पारेख यांनी मुख्याधिकारी म्हणून सूत्रे घेतली.

आता त्याच कंपनीतली पुढची खेप पाहा. ऑक्टोबर २०२२ मध्ये रवी कुमार गेले, मार्च २०२३ मध्ये त्यांच्यासारखेच वरिष्ठ असलेले मोहित जोशी यांचा राजीनामा आला आणि डिसेंबर २०२३ मध्ये वित्तप्रमुख निलांजन रॉय यांचा. बातम्यांचे मथळे जवळजवळ पूर्वीसारखेच होते, पण प्रकार वेगळा होता. कुमार कॉग्निझंटचे आणि जोशी टेक महिंद्राचे प्रमुख झाले. पारेख यांची मुदत २०२२ मध्येच मार्च २०२७ पर्यंत वाढवलेली होती, तेव्हा सर्वोच्च पदाची आस असलेल्या माणसाने बाहेरची वाट धरणे स्वाभाविकच म्हणायला हवे. रॉय यांच्या जागी तर उपवित्तप्रमुख जयेश संघराजका यांचे नाव त्याच दिवशी जाहीर झाले. माझ्या मते पहिल्या खेपेत सत्ता नेमकी कुणाकडे आहे हेच अस्पष्ट होते, दुसऱ्या खेपेत ते स्पष्ट होते. आणि कार्यसंस्कृतीच्या दृष्टीने हा फरक राजीनाम्यांच्या संख्येपेक्षा फार मोठा आहे. वर कुणाचे चालते हे ठाऊक नसले की मधले अधिकारी निर्णय लांबणीवर टाकतात, आणि त्याची झळ सर्वात खालच्या टीमला लागते.

नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण, म्हणजे ॲट्रिशन, वाचतानाही हीच सावधगिरी हवी. जून २०२२ च्या तिमाहीत इन्फोसिसचा आकडा २८.४ टक्के होता आणि त्याच तिमाहीत टीसीएसचा १९.७. बाजार एकच, मागणी एकच, तरीही एवढे अंतर असेल तर ते का, हे विचारण्याजोगे आहे. उलट मार्च २०२४ पर्यंत इन्फोसिसचा आकडा १२.६ टक्क्यांवर आला, म्हणून तिथले वातावरण दुपटीने सुधारले असे मी मुळीच म्हणणार नाही. तेव्हा सगळीकडेच भरती मंदावली होती आणि जाण्यासाठी जागाच उरली नव्हती. शिवाय हे आकडे स्वेच्छेने सोडणाऱ्यांचे असतात. ज्याला सुधारणेची मुदत देऊन, म्हणजे पीआयपीवर टाकून, राजीनामा लिहायला लावला, तो कागदोपत्री कोणत्या रकान्यात जातो हे बाहेरच्याला दिसत नाही.

तरीही बाहेरच्याला दिसते त्यात बरेच काही आहे आणि ते कुणी वाचत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांविषयीचा, अहवाल सक्तीचा केला आहे. त्यात तीन वर्षांचे सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण स्त्रिया आणि पुरुष असे वेगवेगळे दिलेले असते. बाळंतपणाच्या रजेनंतर किती जणी कामावर परतल्या आणि परतलेल्यांपैकी किती टिकल्या, हेही असते. कडक शिस्तीच्या कंपनीची पारख करताना मी प्रथम हा शेवटचा आकडा काढते. परतणाऱ्या पुष्कळ आणि टिकणाऱ्या थोड्या असतील, तर धोरण कागदावर चांगले आहे आणि मॅनेजर ते पाळत नाहीत, असा माझा अनुभव आहे. वरिष्ठांचे राजीनामापत्रही कंपनीला शेअर बाजाराला कळवावे लागते. त्यात बहुधा ‘वैयक्तिक कारणे’ एवढेच असते, पण तारखा खऱ्या असतात. कंपनीच्या तिमाही निकालाच्या तोंडावर आलेला, उत्तराधिकारी न नेमता स्वीकारलेला राजीनामा मी जास्त गांभीर्याने घेते.

एक गोष्ट मात्र कोणत्याच अहवालात मिळत नाही. हिंजवडीतल्या एका कंपनीत, जिचे नाव इथे घेत नाही, एका विभागाचा प्रमुख गेला आणि वर्षभरात त्या टीमचे मॅनेजर तीनदा बदलले. अप्रेझलच्या, म्हणजे वार्षिक मूल्यमापनाच्या, वेळी ज्या नव्या मॅनेजरने या टीममधल्या मुलांचे काम पाहिलेलेही नव्हते तिला त्यांची श्रेणी ठरवावी लागली. बेल कर्व्हमध्ये, म्हणजे ठरावीक टक्के लोकांना खालची श्रेणी द्यायचीच या पद्धतीत, कुणाला तरी खाली ढकलणे भागच होते, आणि ढकलले गेले ते जुन्या प्रमुखाने आणलेले लोक. एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये, म्हणजे सोडून जाताना होणाऱ्या मुलाखतीत, त्यातल्या प्रत्येकाने ‘चांगली संधी मिळाली’ असेच लिहून दिले, कारण रिलिव्हिंग लेटर, म्हणजे कंपनीने कामातून मोकळे केल्याचे पत्र, हातात पडायचे होते. कामाची अपेक्षा उंच असणे हा दोष नव्हे, उलट अशा ठिकाणी माणूस पुष्कळ शिकतो. पण जिथे मोजणारा बदलला की मोजमापही बदलते, अशा ठिकाणी ती अपेक्षा पुरी करणे कुणालाच शक्य नसते.

म्हणून ऑफर स्वीकारण्याआधी, शेवटच्या फेरीत, ज्यांच्या हाताखाली काम करायचे आहे त्यांनाच तीन गोष्टी विचाराव्यात : तुम्ही या पदावर केव्हापासून आहात, या जागेवर माझ्याआधी कोण होते आणि आता कुठे आहेत, आणि गेल्या वर्षी माझ्या पातळीवरच्या लोकांची श्रेणी अंतिम कोणी ठरवली. प्रश्न उद्धट नाहीत, सौम्यपणे विचारता येतात. ‘ती दुसऱ्या प्रकल्पावर गेली, हवे तर बोलून घ्या’ असे कुणी म्हणाले, तर मुख्याधिकारी बदलला तरी मी जायला सांगेन. आणि हे सगळे जुन्या कंपनीत राजीनामा देण्याआधी विचारावे. नोटीस पिरियड सुरू झाल्यावर मिळालेल्या उत्तराचा उपयोग नसतो.