आमची वाटचाल : काढता-घालता येणारे गराद

सावंतवाडीत आमच्या घरामागे जी शेड आहे, तिथे आज सात जण काम करतात. आम्ही खिडकीच्या काचेवर बसणारी लाकडी जाळी करतो. जाळीला स्क्रू नाही, खिळा नाही. ती चुंबकावर बसते आणि हाताने ओढली की निघते. आमच्याकडे खिडकीच्या गजांना गराद म्हणतात, पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. त्यामुळे गिऱ्हाईकं एकमेकांना आमचा पत्ता देताना "ते काढायचे गराद करणारे" असं सांगतात. मला ही ओळख मनापासून आवडते.

धंदा मुळात सासऱ्यांचा, सुतारकामाचा. सावंतवाडी म्हटलं की लोकांना चितारआळीतली लाकडी फळं आणि खेळणी आठवतात. आमचं घर त्यातलं नाही. आम्ही दारं, खिडक्या, देव्हारे, पाळणे करणारे. मी लग्न होऊन आले तोवर खिडकीचं काम जवळजवळ संपलं होतं. जो तो ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवत होता आणि सासरे वर्षाला चार-पाच दारं करून उरलेल्या दिवसांत खुर्च्यांचे पाय दुरुस्त करत होते. मी बी.कॉम. झालेली, म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे आली. जमेची बाजू लिहायला एक पान पुरायचं.

2017 साली जीएसटी आला, त्याच वर्षी पावसाळा सरल्यावर म्हापशाजवळच्या एका गावातून बोलावणं आलं. जुनं घर, लांबलचक बाल्कांव (दारापुढची बसायची ओसरी), आणि घरात एकट्या राहणाऱ्या वयस्कर बाई. त्यांच्या घराला शिंपल्यांच्या खिडक्या होत्या. गोव्यातली जुनी घरं, चर्च, पणजीतलं फोंतेन्हास पाहिलेल्यांना त्या माहीत असतील. लाकडी पट्ट्यांना खाचा पाडून त्यांत चपट्या शिंपल्यांचे पातळ तुकडे सरकवलेले असतात. काच महाग आणि दूरदेशाहून यायची, त्या काळातली ही युक्ती. उन्हाची तिरीप त्यातून दुधासारखी होऊन आत येते. बाईंच्या मुलांनी कुजलेल्या झडपा काढून तिथे पावडर कोटिंगच्या ॲल्युमिनियमच्या, बाहेर उघडणाऱ्या काचेच्या झडपा बसवल्या होत्या. काम चांगलं होतं, गळत नव्हतं. पण बाईंना त्या खोलीत बसवेना. त्यांचं मागणं दोन वाक्यांचं होतं. काचेवर पूर्वीसारखी जाळी दिसली पाहिजे, आणि काच पुसायला ती काढता आली पाहिजे. नव्या चौकटीला भोक पाडायचं नाही, ही मुलांची अट.

जुनी एक झडप माळ्यावर ठेवलेली होती. सासऱ्यांनी ती अंगणात आणून उताणी ठेवली आणि खिळ्याच्या टोकाने खाचेतली माती उकरली. मातीबरोबर शिंपल्याचा चुरा निघाला, चमचम करणारा. त्यांनी तो तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला, मग पट्ट्यांमधलं अंतर मोजलं. मी वहीत लिहीत होते. लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की हे अंतर कुणा कारागिराने शोभेसाठी ठरवलेलं नाही, ते शिंपल्याने ठरवलंय. जेवढा चांगला तुकडा एका शिंपल्यातून निघतो, तेवढंच जाळीचं एक घर, म्हणजे एक चौकोन. युरोपातल्या खिडक्यांचे चौकोनही असेच, फुंकून केलेल्या काचेतून सलग मोठं तावदान निघत नसे म्हणून आलेले. 1959 मध्ये इंग्लंडातल्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथलावर काच तरंगवून सपाट करण्याची पद्धत जाहीर केली, आणि नंतर भिंतीएवढी काचसुद्धा सहज मिळू लागली. तेव्हापासून जाळीची गरज उरली नाही, ओढ मात्र उरली. आजही कुणी मोठ्या चौकोनांची जाळी मागितली तर मी आधी लहान घरांचा नमुना काचेवर धरून दाखवते. दहातले सातजण लहान घरांवर येतात.

चुंबकाची कल्पना माझी. मुंबईला नणंदेच्या फ्लॅटमध्ये खिडक्यांना डासांची जाळी होती, कडेने रबरासारखी चुंबकाची पट्टी शिवलेली. ती पट्टी नायलॉनच्या जाळीला पुरते, सागाच्या पट्ट्यांना नाही. सासऱ्यांच्या ओळखीचं चुंबक म्हणजे कपाटाच्या दाराचा मॅग्नेट कॅच, त्यातला काळा फेराइटचा तुकडा. मी निओडिमियमची गोल चुंबकं मागवली, बारा मिलिमीटर व्यासाची, तीन मिलिमीटर जाडीची. जपानमधले मासातो सागावा आणि अमेरिकेतले जॉन क्रोट यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला एकमेकांपासून स्वतंत्रपणे हे चुंबक तयार केलं. आधीच्या पिढीतल्या सुतारांच्या हाती एवढ्याशा चकतीत एवढा जोर कधी आलाच नव्हता. दोन चकत्या एकमेकींवर आपटल्या की टवका उडतो, मध्ये बोट सापडलं तर रक्त साकळतं. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी दोन्हींचा अनुभव घेतला.

ॲल्युमिनियमला चुंबक धरत नाही, म्हणून झडपेच्या आतल्या बाजूला लोखंडी पट्टी चिकटवायची आणि चुंबकं जाळीच्या मागे पुरायची, असं ठरलं. काचेच्या दोन्ही बाजूंना चुंबकं लावण्याचाही विचार केला होता. पण पाच मिलिमीटरच्या काचेतून त्यांची पकड फार कमी होते, आणि वरच्या मजल्यावर बाहेरचं चुंबक निसटलं तर ते खाली कुणाच्या डोक्यावर पडेल. तो विचार त्याच दिवशी सोडला आणि पुन्हा कधी केला नाही.

पहिली जाळी जवळजवळ दोन किलोची झाली. चार कोपऱ्यांना चार चुंबकं. एका चुंबकाचा जोर दोन किलोचा, म्हणजे चौघांचा आठ, असा माझा हिशेब. संध्याकाळी लावली, छान बसली. सकाळी बाईंचा फोन आला की जाळी खाली सरकून उंबऱ्यावर टेकली आहे. दोन किलोचा आकडा सरळ आपल्याकडे ओढण्याचा असतो, तोही जाड, सपाट लोखंडावर. खाली घसरण्याला चुंबक त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढाच विरोध करतं, आणि पट्टी पातळ किंवा वर रंग असला तर त्याहूनही कमी. मी आणखी आठ चुंबकं मागवायला निघाले होते. सासऱ्यांनी थांबवलं.

"गो, वजन लाकडार टाक. चुंबकान नुसता धरून ऱ्हवांदे."

त्यांनी सागाची बोटभर रुंद पट्टी घेतली, तिला वरून पाव इंचाची पायरी काढली आणि झडपेच्या खालच्या कडेवर चपखल बसवली. जाळी त्या पायरीवर उभी राहिली. आता चुंबकांना फक्त ती पुढे पडू द्यायची नव्हती. चारच चुंबकं पुरली. आजही आमच्या प्रत्येक जाळीखाली ती पायरी असते. काढताना खालच्या कडेला बोट घालून जाळी आपल्याकडे ओढायची आणि मग उचलायची, की एका हाताने निघते. चुंबकं वाढवली असती तर त्या बाईंना ती कधीच काढता आली नसती. म्हणून जाळी किती घट्ट बसते याची जेवढी परीक्षा आम्ही घेतो, तेवढीच ती किती सुखाने निघते याचीही घेतो.

बाईंनी काच पुसली, जाळी परत लावली आणि म्हणाल्या, "म्हजें जनेल म्हाका मेळ्ळें." माझी खिडकी मला मिळाली. त्या घराच्या अकरा खिडक्या आम्ही केल्या. पुढची सगळी गिऱ्हाईकं त्यांच्या ओळखीपाळखीतली.

पुढचा धडा पट्टीचा. जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या पट्ट्या कापलेल्या कडेला गंजायच्या. सिंधुदुर्गात पावसाळ्यात हवा चार महिने ओली, किनाऱ्यालगतच्या घरांत वर मीठ. म्हणून मी स्टेनलेस स्टील घ्यायचं ठरवलं आणि सगळ्यात चांगलं म्हणून 304 नंबरचं उचललं, दोन महिन्यांच्या कामाला पुरेल एवढं. शेडमध्ये पट्टीवर चुंबक ठेवलं तर ते टपकन खाली पडलं. 304 ला चुंबक धरत नाही. चूक सर्वस्वी माझी होती, पैसे भरण्याआधी खिशातलं चुंबक लावून पाहिलं असतं तर कळलं असतं. चुंबक धरणारं स्टेनलेस 430 नंबरचं. गंजापुढे ते 304 इतकं टिकत नाही, पण जीआयपेक्षा कितीतरी बरं. आता माल उतरवून घेताना प्रत्येक गठ्ठ्यातली एक पट्टी आमच्याकडची मुलगी चुंबक लावून बघते, आणि मगच चलनावर सही होते.

टाळेबंदीत काम थांबलं आणि त्यातून सावरतोय तोच मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं. शेडचे पत्रे उडाले. घरोघरच्या जाळ्या आतल्या बाजूने असल्यामुळे त्यांना काही झालं नाही, पण शेडमधलं चुंबकांचं खोकं भिजलं. वीज नव्हती, चिखल होता, माणसांची घरं शाकारायची होती. खोक्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. तीन आठवड्यांनी उघडलं तेव्हा चकत्यांवरचा निकेलचा मुलामा फुगला होता, काहींचा सोलला होता आणि आतलं चुंबक राखेसारखं भुगा होऊन बोटाला लागत होतं. निओडिमियमच्या चुंबकात बहुतेक वजन लोखंडाचंच असतं. मुलामा फाटला की ते आतून खाल्लं जातं.

नुकसान झालं, पण त्याहून मोठी काळजी लागली ती आधी विकलेल्या जाळ्यांची. मी वही काढली आणि किनाऱ्याजवळच्या प्रत्येक घरी फोन केला. वेंगुर्ला, मालवण, पेडणे, बार्देश. ज्यांच्या जाळीत चुंबक उघडं होतं त्यांच्या जाळ्या परत आणल्या आणि फुकट दुरुस्त केल्या. तेव्हापासून आम्ही लाकडात भोक पाडून चुंबक तळाशी एपॉक्सीत, म्हणजे घट्ट वाळणाऱ्या डिंकात, बसवतो आणि वरूनही एपॉक्सीचा पातळ थर देतो. थरामुळे पकड थोडी घटते, म्हणून चकती एक माप मोठी घेतो. दुसरा फायदा याहून मोठा आहे, चुंबक पोराटोरांच्या हाती सुटं येत नाही. लहान मुलाने अशी दोन चुंबकं गिळली तर ती आतड्याच्या दोन वेढ्यांमधून एकमेकांना ओढतात आणि आतडं फाटू शकतं. त्यामुळे "दोन-चार चुंबकं जास्तीची पाठवा" असं कुणी कितीही प्रेमाने म्हटलं तरी आम्ही सुटी पाठवत नाही. जाळी पाठवा, आम्ही बसवून देतो. घरात कुणाला पेसमेकर असेल तर ऑर्डर घेण्यापूर्वीच विचारतो आणि डॉक्टरांना विचारून मग कळवा असं सांगतो.

सरकत्या खिडकीबद्दल स्पष्ट लिहिते, कारण मुंबई-पुण्याहून येणारे निम्मे फोन तिच्यासाठीच असतात. दोन झडपांमध्ये फट इतकी कमी असते की मागच्या झडपेवर जाळी लावली तर पुढची सरकतच नाही. जाळी फक्त खोलीकडच्या झडपेवर बसते. मग अर्धी खिडकी जाळीची आणि अर्धी कोरी दिसते, ते मला स्वतःला बघवत नाही. वर न उघडणारं तावदान असेल तर तेवढ्याला करून देतो. नाहीतर नको म्हणतो.

ऑर्डरी सगळ्यात जास्त चतुर्थीच्या आधी. चाकरमानी गावी येतात, घर धुऊन निघतं, खळ्यात सगळ्या जाळ्या भिंतीला टेकून ओळीने उभ्या असतात आणि पोरं काचा पुसत असतात. कुठली जाळी कुठल्या झडपेची ते कळावं म्हणून मागे आकडा घालतो. पूर्वी सासरे पेन्सिलीने घालायचे, आता मुलगा कोरतो.

गेल्या आठवड्यात म्हापशाजवळच्या त्या घरातून सात नंबरची जाळी आली. खालची पायरी वाळवीने खाल्ली आहे, बाकी सगळं धड आहे. सासऱ्यांनी चष्मा लावून पेन्सिलीचा सात आकडा पाहिला आणि पायरीचं लाकूड स्वतः निवडलं, फणसाचं. दुपारपासून ते रंधा मारत बसले आहेत.